दोन सेंटीमीटरने बुटकी सूची

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. हात लावणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मी एक जुनी, पत्र्याची, आतून पोकळ सूची आहे. तुम्ही मला पिरॅमिड म्हणत असाल. माझा चौकोनी तळ बारा सेंटीमीटरचा आणि उघडा आहे, म्हणून मला उलटे धरून वाळू भरता येते.

गणिताच्या सरांनी पत्रेवाल्याला चिठ्ठी दिली होती : 'तळ बारा, उंची दहा.' त्याने त्या मापाने एक चौकोनी चिती, म्हणजे उभा डबा, आणि एक मी, अशी जोडी केली. सरांनी त्याची पाठ थोपटली, पण मोजपट्टी काही बाहेर काढली नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दरवर्षी सर वर्गात सांगत, "तळ आणि उंची सारखी असेल तर तीन सूचीभर वाळूत एक चिती भरते." मग ते मला शीग लावून भरत, तीनदा ओतत, आणि चिती काठोकाठ भरे. मुले टाळ्या वाजवत. मी मात्र त्या शिगेकडे बघत असे. एवढा ढीग कशाला? सरांना काही ठाऊक आहे का? चितीचाही मला संशय येई. ही बया पोटातून फुगली तर नाही ना?

एका वर्षी प्रयोगाची पाळी एका मुलीवर आली. वर्गात तिला सगळे शंकासुर म्हणत. तिने मला भरले आणि पट्टी फिरवून शीग काढून टाकली. तीनदा ओतूनही चिती वरून दोन सेंटीमीटर रिकामीच राहिली. तिने वहीत तसेच लिहिले.

"वाळू सांडलीस तू," सर म्हणाले. "खोड ते. नाहीतर शून्य देईन."

"नाही सांडली, सर. खाली बघा ना."

"मग काय पुस्तक खोटं?"

ती रडवेली झाली, पण खोडरबराला हात लावेना. मी घाबरले. हिने खरे शोधले तर माझी रवानगी भंगारात. पण माझी खोट तिच्या माथी मारलेली मला बघवत नव्हती.

"पुस्तक नाही, सर. हीच खोटी असेल," ती म्हणाली. तिने माझ्या एका बाजूवर मधोमध पट्टी टेकवली. दहा. मग मला उलटे धरून पट्टी आत सरळ टोकापर्यंत उभी सोडली. आठ.

पत्रेवाला पत्रा जमिनीवर पसरून कापतो. त्याने उंची दिली ती कापलेल्या त्रिकोणांना. ते चौघे जोडताना आत झुकले, दहा ही माझी तिरकस उंची झाली, आणि मी बुटकी राहिले.

सरांनी पट्टी घेऊन मला आतून पुन्हा मोजले. "इतकी वर्षं शीग मीच लावत होतो," ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "तुला उगाच बोललो. चुकलं माझं." त्यांनी तिच्या उत्तराखाली सही केली.

त्यांना आधीपासून ठाऊक होते का, ही शंका मला अजूनही छळते. पण त्यांनी मला टाकले नाही. नवी सूची करून आणली आणि आता दोघींना शेजारी मांडून ते म्हणतात, "यातली एक फसवते. शोधा."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण मोजूनही बघा. आणि एखादी मुलगी वेगळे उत्तर घेऊन उभी राहिली, तर तिच्यावर संशय घेण्याआधी एकदा माझ्यावर घ्या.