आंघोळ करून घ्या

सकाळी देवदत्तचा फोन आला तेव्हा मी नारळ सोलत होते. देवदत्त म्हणजे अण्णांचा, माझ्या सासऱ्यांचा पुतण्या. राहतो दिघीला.

"भार्गवीवहिनी, अण्णाकाकांना सांगा, आंघोळ करून..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कट. परत लावला तर लागेचना.

मी निरोप जसाच्या तसा दिला. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कोण गेलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात लांबचं कोणी गेलं की 'आंघोळ करा' एवढंच कळवतात. पण गेलं कोण?

"मोरूकाका नसतील ना?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. मोरूकाका म्हणजे देवदत्तचे वडील, अण्णांचे धाकटे भाऊ. बागेतल्या विहिरीवरून दोघांत कित्येक वर्षं अबोला. 'मोरूच्या नावाने मी कधीच आंघोळ केली,' असं अण्णा आल्यागेल्याला ऐकवायचे.

"सख्ख्या भावाचं दहा दिवसांचं सुतक असतं. नुसत्या आंघोळीवर भागत नाही," अण्णा म्हणाले.

मला हायसं वाटलं. "म्हणजे लांबचंच कोणीतरी."

"किंवा त्यांनी मलाच लांबचा धरलाय."

अण्णा पंचा घेऊन न्हाणीघरापर्यंत जात आणि परत फिरत. आंघोळ केली तर मोरू गेला असं मानल्यासारखं होईल, म्हणे. पाणी दोनदा निवलं. शेवटी मी चिडलेच.

"रोज सकाळी मी तुम्हाला 'आंघोळ करून घ्या' म्हणते, तेव्हा कोणी मरतं का?"

"तुझं वेगळं."

"शब्द तर तेच ना!"

अण्णा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

तेवढ्यात अंगणात शिरायच्या बेड्याशी गाडी थांबली. देवदत्त उतरला आणि मागून, धोतर सावरत, मोरूकाका.

"आंघोळ करून तयार राहा म्हणत होतो," देवदत्त म्हणाला. "पालीला बल्लाळेश्वराला अभिषेक आहे. बाबा म्हणाले, अण्णाशिवाय जायचं नाही. नेमकी फेरीबोटीत रेंज गेली."

अण्णा तसेच पुढे झाले आणि त्यांनी भावाला घट्ट धरलं.

"अरे अण्णा, तू पारोसा! माझी आंघोळ झाली आहे!"

"परत कर," अण्णा म्हणाले. सोडलं मात्र नाही.