दादाचं चालणं खरं ठरलं

दादाचं चांगलं कोलेस्टेरॉल पाचावर उतरलं आणि वहिनीचा पारा शंभरावर चढला.

"रोज तासभर चालता ना? मग हा आकडा वाढायचा सोडून घटतो कसा? बागेतल्या बाकालाच विचारते आता!"

"अगं, बुटांचे तळ बघ की झिजलेले."

"दगडावर घासले असतील!"

माझा हा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. आजाराचं त्याला काही वाटलं नाही, पण खोटारडा ठरल्याचं फार लागलं. "चिमे," मला म्हणाला, "हिला वाटतं, मी हिला फसवतो."

दोनदा तोच आकडा आला, म्हणून तिसऱ्यांदा रक्त तपासायला दिलं तेव्हा मी सोबत गेले. लॅबच्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"काका, चालता?"

"चालतो हो."

"वाटलंच मला. दोन वर्षांपूर्वीचा आकडा ठणठणीत, आणि आता एवढा खाली? पटत नाही. या आत."

त्यांनी दादाच्या रक्ताचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी नळीत घेतलं, त्यात मशीनमधलंच औषध टाकलं आणि नळी खिडकीशी धरली. बघता बघता ती दुधासारखी गढूळ झाली.

"मशीन उजेड किती आरपार जातो, त्यावरून आकडा काढतं. तुमच्या रक्तात एक प्रथिन जादा आहे, ते या औषधात असं फाटतं. उजेड अडला आणि फसलं बिचारं मशीन!"

मग त्यांनी रक्ताचं पाणी मिठाच्या पाण्यानं पातळ करून पुन्हा तपासलं. नळी स्वच्छ, आणि पातळ केल्याचा हिशेब धरून आकडा अठ्ठेचाळीस. तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या पद्धतीनंही ताडून पाहिलं. त्या उजेडात उभ्या बाईंना मी मनोमन हात जोडले. देवा, अशी शंका घेणारी माणसं उदंड कर रे बाबा!

"पण हे प्रथिन आलं कुठून, ते शोधायला हवं," बाई हळूच म्हणाल्या. "रक्ताच्या डॉक्टरांशी बोलते मी. घाबरू नका, वेळेत दिसलंय."

दादानं मान डोलावली. "शोधू. पण बाई, एक उपकार करा. आकड्याचं तेवढं माझ्या घरी फोन करून सांगाल?"

बाई हसल्या, फोन लावला. "काकू, तुमचे हे खरंच चालतात बरं का!"



दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बूट घालून दारात उभी. "पाळत ठेवायला नाही हं. सोबत म्हणून येतेय."

बागेच्या दोन फेऱ्यांतच धापा टाकत तीच त्या बाकावर बसली. दादा शेजारी उभा राहिला, बसला मात्र नाही.