गिऱ्हाईक उठवणारी खुर्ची

मी सांगून सांगून थकले, पण एकाचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. दुधावर संशय घेतला, चहाच्या पत्तीवर घेतला, एका बाईच्या हातावर तर सगळ्या गल्लीनं बोट ठेवलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. माझ्यावर नुसते बसले. तेही फार वेळ नाही.

मी एक खुर्ची आहे. चहाच्या दुकानातली, लाकडाची, दारालगतच्या टेबलाची. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, तेव्हा गोड बोलायला शिकले नाही. जे झालं ते सांगते. पोटात ठेवून मोडून पडायचं नाही मला.

सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जन्मले तेव्हा धड होते हो मी! चारही पाय सारखे, बैठक ऐसपैस, पाठीला जरासा कल. सुतारानं स्वतः बसून बघितलं, आरामात एक जांभई दिली आणि म्हणाला, "जमली बेटी." बसणाऱ्याला जांभई आली की खुर्ची पास, असा त्याचा हिशोब.

तेवढ्यात छोटूशेठ आला. डोक्यावर पांढरे केस, पोट पुढं, तरी नाव छोटूशेठ. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, चहाचं दुकान उभं केलं, म्हणून हा जन्मभर छोटूच राहिला. दादा गेले आणि दुकान याच्या आणि वहिनीच्या गळ्यात पडलं. वहिनी आत शेगडीपाशी, हा बाहेर गल्ल्यावर. याला वाटायचं, आता तरी आपण काहीतरी मोठं करून दाखवावं.

"पुढचे पाय दोन बोटं काप," छोटूशेठ म्हणाला.

"अहो शेठ, माणूस पुढं घसरेल."

"घसरू दे. बैठक अरुंद कर, आणि पाठ एकदम ताठ."

"गिऱ्हाइकाशी वैर आहे का काही?"

"अरे, तुला धंदा कळत नाही. स्टेशनासमोरचं ते मोठं हॉटेल बघून आलोय मी. दारात ही रांग! तिथल्या मालकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आमची खुर्चीच गिऱ्हाईक उठवते. चहा पिऊन होईपर्यंत कंबर बोलायला लागते. माणूस उठला की लगेच दुसरा बसतो. कळलं?"

सुतारानं कान खाजवला. "ज्याचे पैसे त्याचं डोकं. हात तेवढे माझे," असं म्हणून त्यानं करवत उचलली.

पायांचे तुकडे भुशात पडले. माझ्याबरोबरच्या सगळ्या बहिणींचं तेच झालं. मग वरून असं चकचकीत पॉलिश दिलं, की बघणाऱ्यानं म्हणावं, वा! लंगड्या पोरीला भरजरी नेसवावं तशातली गत.

दुकानात आलो तेव्हा जुनी बाकं हातगाडीवर चढत होती. काळी पडलेली, पण मधे छान खोलगट झालेली. किती वर्षांच्या बसण्यानं ती तशी झाली असतील. वहिनी आतल्या खिडकीतून बघत होती. "भाऊजी, चांगली होती की बाकं," एवढंच म्हणाली.

"वहिनी, तुम्ही चहा बघा. धंदा मी बघतो."

दाराजवळ मास्तर बसायचे, शाळेतून निवृत्त झालेले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि मधेच सरकारला मोठ्यानं नापास करायचे. समोरच्या दुकानातली शिलाईवाली हातातलं बटणकाम घेऊन यायची. तिचं हसणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचं. छोटूशेठच्या मते हे लोक म्हणजे फुकट जागा अडवणारे. "एका चहावर अख्खी दुपार काढतात! जागेला भाडं पडतं म्हणावं!"

मी आले आणि मास्तर माझ्यावर बसले. पेपर उघडला. थोड्या वेळानं मागं सरकले. पुन्हा पुढं घसरले. पाय जमिनीला रोवले, टेबलाची कड धरली. अहो, चहा पितायत की बोटीत बसलेत! पेपर अर्धाच वाचून घडी घातली आणि सरकार त्या दिवशी पास झालं.

मी करकरले. म्हटलं, बघा रे कुणीतरी, म्हातारा पडेल. छोटूशेठ पेचकस घेऊन आला आणि माझा स्क्रू करकचून आवळला. माझं तोंड बंद. नवी सून बोलली की तिला असंच गप्प करतात.

पहिले दिवस छोटूशेठ खूश होता. माणसं पटापट उठत होती. मग मास्तर एक दिवसाआड यायला लागले. मग आठवड्यातून एकदा. शिलाईवाली ग्लास मागवून घ्यायची, आपल्या दुकानातच प्यायची. दाराजवळचं टेबल रिकामं राहायला लागलं.

आता मी दाराशी, तेव्हा रस्ता मला दिसतो. येणारा माणूस आधी पाटी वाचत नाही हो. तो आत डोकावतो. कुणी निवांत बसलंय, कुणी हसतंय, वाफ निघतेय, तर त्याचेही पाय आत वळतात. आत रिकाम्या खुर्च्या दिसल्या की त्याच्या मनात पाल चुकचुकते. चहा शिळा असेल, दूध नासलेलं असेल. असं म्हणत तो पुढच्या दुकानात जातो. किती जणांना मी असं दारावरून जाताना बघितलं! मास्तर आणि शिलाईवाली फुकट बसत नव्हते. ती दुकानाची जाहिरात होती, आणि वर चहाचे पैसेही देत होती.

छोटूशेठनं काय करावं? दूधवाला बदलला. पत्ती बदलली. मग दारात हा एवढा फलक लावला, 'आता नवीन चव!' जुनं गिऱ्हाईक वाचून म्हणालं, "म्हणजे जुनी बिघडली होती का? तरीच." जे लोकांच्या मनात नव्हतं तेही यानं लिहून दिलं. मग गाणी लावली, तीही इतकी मोठ्यानं, की उरलेले दोघे कानांवर हात ठेवून गेले.

आणि एका सकाळी गल्ल्यावरून तो बोलला. मास्तर होते, शिलाईवाली पैसे द्यायला आली होती, दूधवाला कॅन उतरवत होता. छोटूशेठनं सुस्कारा टाकला. "काय करणार हो, वहिनींच्या हाताला आता पूर्वीची चव राहिली नाही. वय झालं."

आतल्या खिडकीत गाळणी हलायची थांबली.

वहिनीनं बाहेर येऊन भांडायला हवं होतं. मी असते तर भांडले असते. पण तिनं त्या चहाची स्वतः चव घेतली, पुन्हा घेतली, आणि तिचा तिलाच भरवसा वाटेना. माणसांचं असंच असतं. दुसऱ्यानं ठामपणे सांगितलं की स्वतःची जीभही खोटी वाटते. त्या दिवसापासून ती प्रत्येक आधण दोनदा चाखायची, आणि गल्लीत "हात गेला बाईचा" ही बातमी तिच्या आधी पोचायची. नवरा गेल्यावर तिच्याकडे एवढंच उरलं होतं, तिच्या चहाचं नाव. तेही गेलं.

पुढं छोटूशेठनं आचारी आणला. उंच पांढरी टोपी घालायचा, म्हणून त्याला सगळे टोपीवालाच म्हणायचे. चहापेक्षा टोपीची उंची जास्त. वहिनीला सांगितलं, "तुम्ही आता आराम करा. कपबशा तेवढ्या बघा." शेगडी गेली, मोरी आली. याला आराम म्हणतात!

आता या घराची एक रीत ऐका, सगळं घोडं तिथंच अडलं होतं. दादा म्हणायचे, गिऱ्हाइकाची जागा गिऱ्हाइकाचीच. घरच्या माणसानं त्यावर बसायचं नाही. दुकान रिकामं असलं तरी नाही. दादा स्वतः चहा उभ्यानं प्यायचे, वहिनी आत पाटावर बसून जेवायची, छोटूशेठला गल्ल्यामागं गादीची खुर्ची. रीत चांगल्या मनाची होती, गिऱ्हाइकाला मान देणारी. पण त्यामुळं झालं काय, की घरातलं एकही माणूस माझ्यावर कधी टेकलंच नाही. गावाला चपला विकायच्या आणि आपण अनवाणी फिरायचं!

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. टोपीवाला बाहेर गेलेला, छोटूशेठ बँकेत. वहिनी टेबलं पुसत होती. पुसता पुसता तिच्या गुडघ्यात कळ आली आणि ती मटकन खाली बसली. माझ्यावर. बसल्यावर दचकली, दादांच्या फोटोकडे बघून जीभ चावली. पण गुडघा उठू देईना.

मग बसल्या बसल्या काहीतरी करावं म्हणून तिनं शेजारच्या टेबलावरचं वाटाण्याच्या शेंगांचं ताट मांडीवर ओढलं आणि सोलायला लागली. ताट घसरलं. सावरलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा सगळे दाणे फरशीवर पळाले.

वहिनीनं मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. टेबल धरून उठली, वाकली, माझे पुढचे पाय बोटांनी मापले, मागचे मापले. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. तो मी इथं सांगत नाही.

दाणे तसेच टाकून ती तडक समोर शिलाईवालीकडे गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"खरं सांग, माझ्या चहात काय कमी झालं होतं?"

"चहात? काही नाही गं," शिलाईवाली म्हणाली. "चहा होता तसाच होता."

"मग यायची का थांबलीस?"

"बसवेना तिथं. कंबर भरून यायची. मला वाटलं, माझंच वय झालं. मास्तरही म्हणत होते, मूळव्याधीचा त्रास दिसतोय."

"अगं मग सांगायचं नाही का मला!"

"काय सांगू? तुझी खुर्ची मला ढकलते म्हणून? वेडी म्हणाली असतीस."

ऐकलंत? खुर्ची वाकडी, आणि जो तो स्वतःच्याच हाडांना दोष देत घरी जातोय. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, म्हणून माल चांगला असं समजू नका. गिऱ्हाईक नुसतं यायचं थांबतं.

छोटूशेठ आला तेव्हा वहिनी दाराजवळ उभी होती. टेबलावर वाफाळता कप.

"भाऊजी, बसा इथं."

"इथं? दादाचा नियम..."

"दादांची समजूत मी काढेन. तुम्ही बसा. कप संपेपर्यंत उठायचं नाही."

बसला. माझ्यावर काय भार पडला तो माझा मला माहीत! दोन घोट झाले आणि स्वारी पुढं आली. मागं सरकला. टाचा रोवल्या. टेबल धरलं. शेवटी कप हातात घेऊन उभाच राहिला.

"का उठलात?"

"चहा फार गरम आहे."

"मग गार होईपर्यंत बसा की."

तो बसेना. मान वर करून म्हणाला, "पण वहिनी, हेच तर पाहिजे होतं! गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणूनच..."

"उठलं. पुढं?" वहिनी म्हणाली. "त्या हॉटेलाच्या दारात रांग होती. उठलेल्याच्या जागी बसायला माणूस होता. आपल्या दारात कोण उभं आहे? बघा."

छोटूशेठनं दाराबाहेर बघितलं. एक कुत्रं होतं. तेही निघून गेलं.

सुतार आला, आमच्या पुढच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकून गेला. टोपीवाला टोपीसकट गेला. पण वहिनी शेगडीपाशी जाईना. "मी येईन," ती म्हणाली. "ज्या माणसांसमोर माझं नाव घेतलंत, त्याच माणसांसमोर खरं नाव घ्या. मग येईन."

आज माझी अवस्था म्हणाल तर बसता येतं, एवढंच. जोडलेले पाय ते जोडलेलेच, ओल धरली की हलतात. पाठ ताठ ती ताठच. निघून गेलेली माणसं सगळी परत आली नाहीत. काहींना पुढच्या दुकानाची सवय झाली, आणि सवय मोडायला चहापेक्षा जास्त काही लागतं. माझी कुणाकडून आशा नाही, रागही दमलाय. दुकान टाकणाऱ्यांना, वस्तू बनवणाऱ्यांना एक सांगणं आहे. तुम्ही जे विकता त्यावर एकदा स्वतः बसा. घाईत नाही, गरम कप संपेपर्यंत. आणि दुसऱ्याचं औषध आणण्याआधी आपल्याला तोच आजार आहे का ते बघा.

राहिलं ते नाव. वहिनीनं सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. मास्तर माझ्यावर बसले, जपून. शिलाईवाली हातातलं काम बाजूला ठेवून बसली. दूधवाला कॅन घेऊन दारातच थांबला. छोटूशेठ गल्ल्यामागून बाहेर आला, घसा खाकरला.

"म्हणजे, जमानाच बदललाय..."

"जमाना आमच्या गल्लीत राहत नाही," शिलाईवाली म्हणाली.

"सुतारानंही मला नीट सांगायला पाहिजे होतं. आणि तो स्टेशनासमोरचा मालक, त्यानं तर..."

"उत्तर एका शब्दात द्या," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक कुणी घालवलं?"

आतल्या खिडकीत वहिनी उभी होती, हात पदराला पुसत. शेगडी अजून पेटवली नव्हती. छोटूशेठनं तिच्याकडे बघितलं, मग फरशीकडे.

"छोटूशेठनं," तो म्हणाला.