मेमरी कोणी खाल्ली

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत चार माणसं होती आणि चौघंही एकाच घरातली. त्यामुळे कामावरचं भांडण जेवायला घरी यायचं आणि जेवणावरचं भांडण सकाळी कामावर जायचं. थोरले भाऊ मालक. त्यांची बायको गाणी आणि आवाज बघायची. धाकटा भाऊ चित्रं काढायचा. धाकट्याची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणत, कोड लिहायची; म्हणजे बाकीच्या तिघांच्या डोक्यात जे काही येईल ते मशीनच्या गळी उतरवायची.

ऑफिस म्हणजे आत्याचा जुना दवाखाना. दोघा भावांची ही आत्या दातांची डॉक्टर होती. हात थरथरायला लागल्यावर तिने काम बंद केलं, खालचा मजला भाच्यांना दिला आणि स्वतः वर राहू लागली. पेशंट वाट बघत बसायचे त्या खोलीत आता धाकटा बसे, दात उपटले जायचे तिथे थोरल्यांचं टेबल, आणि एक्स-रेच्या बिनखिडकीच्या खोलीत धाकटी. गुळण्या करायचं बेसिन अजून थोरल्यांच्या खुर्चीमागे भिंतीला होतं. त्यात ते पेनं ठेवत.

गेम एका बुडालेल्या शहराचा होता. ओहोटी आली की शहर चिखलासकट उघडं पडायचं, आणि भरती यायच्या आत खेळणाऱ्याने साचलेल्या पाण्यातल्या हिंस्र माशांना चुकवत गल्लीबोळांतून वाट काढत नगरभवनाचं सभागृह गाठायचं. कल्पना थोरल्यांची. कल्पनेपलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, पण तेवढ्यावर ते गेली काही वर्षं जिथे बोलावतील तिथे भाषणं देत होते.

गेम रोज खेळून बघायचं काम आत्याकडे होतं. वेळ भरपूर, तोंड फटकळ, आणि मशीन साधं, बहुतेक लोकांच्या घरी असतं तसं. एके दिवशी ती जिना उतरून खाली आली आणि थोरल्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मी घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचते आणि तुमचं शहर थिजतं," ती म्हणाली. "माशाचा जबडा उघडा तो उघडाच. मग सगळं बंद पडतं आणि निरोप येतो, मेमरी संपली."

"आत्या, हल्लीचे गेम असेच असतात," थोरले म्हणाले. "तुझ्या मशीनमध्ये रॅम कमी आहे. लोक वाढवून घेतात."

"कोण लोक?"

"खेळणारे."

"मग मी काय करत होते, माशांना चारा घालत होते?"

थोरले हसले. आत्यावर हसायची त्यांची एक खास पद्धत होती, अर्धी सहनशील आणि अर्धी घाईतली. "मेमरी म्हणजे कपाट गं," ते म्हणाले. "सामान जास्त झालं तर माणसाने मोठं कपाट घ्यावं. सामान टाकून द्यायचं नसतं."

एक्स-रेच्या खोलीत धाकटीला हे ऐकू आलं. या गृहस्थांनी जन्मात स्वतःचा रुमाल स्वतः कपाटात ठेवलेला नव्हता. तिने खुर्ची मुद्दाम आवाज करत सरकवली.

गेम विकायला घेऊ शकेल अशा एका मोठ्या कंपनीच्या बाई लवकरच येणार होत्या, आणि त्या स्वतःच्या लॅपटॉपवर खेळून बघणार होत्या. हे कळल्यावर कपाटाचं तत्त्वज्ञान जरा मऊ पडलं आणि थोरल्यांनी सगळ्यांना बोलावलं.

धाकटी तयारीनेच आली. तिने भिंतीवर आलेखाच्या पट्ट्या दाखवल्या, कोणाचं काय मेमरीत किती जागा अडवून बसलंय त्या. सगळ्यांत लांब पट्टी सभागृहाची होती. सभागृहात नगराध्यक्षाचे पुतळे होते, आणि नगराध्यक्षाचा चेहरा थोरल्यांचा. त्यासाठी त्यांनी चारी बाजूंनी कॅमेरे लावून आपलं डोकं मोजून घेतलं होतं. प्रत्येक पुतळ्यावर वेगळा भाव हवा, म्हणून प्रत्येक पुतळ्याचं चित्र वेगळं, नाकावरच्या छिद्रांसकट. दार उघडताक्षणी ते दिसले पाहिजेत, म्हणून पहिल्या मिनिटापासून सगळेच्या सगळे मेमरीत तयार.

"ताईंची गाणी," तिने पुढची पट्टी दाखवली. "एकही दाबून लहान केलेलं नाही. वाजो न वाजो, सगळी एकदम उघडून ठेवलीत."

"दाबलं की सूर मरतो," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, बुडणाऱ्याला सूर ऐकू येत नाही."

"तुला तर कोरड्या जमिनीवरही येत नाही."

तिसरी पट्टी नवऱ्याच्या माशांची. प्रत्येक माशाची कातडी त्याने हाताने रंगवली होती आणि एकाची दुसऱ्याला चालवायला त्याची तयारी नव्हती. तो पट्टीकडे न बघता नखं बघत बसला. मोठ्या भावासमोर तो नेहमी नखंच बघायचा.

"आणि तुझ्या कोडची पट्टी?" थोरल्यांनी विचारलं.

"ही," ती म्हणाली. तळाशी एक चिंधीएवढी रेघ होती. ती दाखवताना तिच्या आवाजात जे होतं त्याला नम्रता म्हणता आलं नसतं. सहा महिने ती हेच सांगत होती, आणि आता भिंतभर पुरावा पडला होता की या घरात एकटी तीच पाय आवरून बसलेली आहे.

थोरल्यांनी निकाल दिला. प्रत्येकाने आपापलं थोडं थोडं कमी करावं. पुतळे सोडून, कारण पुतळे हा कथेचा कणा. जाऊबाई म्हणाल्या, गाणी सोडून. नवरा काही म्हणाला नाही, म्हणजे मासेही सोडून. चहा आला, बैठक संपली, आणि मेमरी होती तेवढीच राहिली.

पुढच्याच आठवड्यात थोरले आणि जाऊबाई बाहेरगावी एका परिषदेला गेले. 'खेळाडूचा आदर' असा भाषणाचा विषय होता. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि धाकटीने सभागृह उघडलं.

तिने कोणाला विचारलं नाही. थोरल्यांचे चेहरे तिने असे घासले की लांबून माणूस वाटावा आणि जवळून साबणाची वडी. सगळ्यांना मिळून दोनच भाव ठेवले, गंभीर आणि जरा कमी गंभीर. गाणी दाबली, आणि ज्या गल्लीत जे वाजायचं तेवढंच तिथे उघडेल अशी सोय केली. मग माशांकडे वळली. तेवढ्यात नवरा दारात येऊन उभा राहिला.

"तो ठिपक्यांचा मासा आहे," तो म्हणाला.

"तसले खंडीभर आहेत."

"तसला तो एकच आहे. बाकीचे वेगळे आहेत."

"गढूळ पाण्यात कोणाला कळतं?"

"मला कळतं."

"हे दादांना सांगायचं होतंस, बैठकीत. तेव्हा नखं बघत होतास."

तो गेला. भांडला असता तर तिने कदाचित ठिपक्यांचा मासा ठेवलाही असता. पण गप्प बसणाऱ्या माणसाची तिला चीड यायची, आणि तिने सगळ्या माशांना तीन कातड्या वाटून दिल्या.

सकाळी आत्या खेळायला बसली. धाकटी वर जाऊन तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसली, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखी. गेम झटकन उघडला. आत्याने पूल ओलांडला, चिखलाची गल्ली ओलांडली, मनोरा ओलांडला. गेम उघडला तेव्हा मेमरीची पट्टी निम्म्याहून खाली होती. धाकटीने मनातल्या मनात थोरल्यांना ऐकवायची वाक्यंही जुळवली.

मासळी बाजारात शहर थिजलं.

"मनोऱ्याच्या जरा पुढे आलो," आत्या म्हणाली. "प्रगती आहे."

धाकटीने पट्टी बघितली. ती काठोकाठ भरली होती. सुरुवातीला नव्हती, खेळता खेळता भरली होती. म्हणजे आधीपासून अडवून बसलेलं सामान वेगळं आणि हे वेगळं. हे काहीतरी हळूहळू साचत जाणारं होतं, आणि बैठकीत तिने दाखवलेल्या पट्ट्या गेम सुरू झाल्या क्षणाच्या होत्या. पुढे काय होतं ते तिने मोजलंच नव्हतं. स्वतःची रेघ इतकी बारीक दिसल्यावर मोजावंसं वाटतं कशाला.

ती खाली आली, दार लावून घेतलं आणि शोधत बसली. दुपारी तिला सापडलं ते तिचं स्वतःचं होतं.

पाऊलखुणा. चिखलात चाललं की ठसे उमटतात आणि तसेच राहतात, ही तिची करामत होती. "आपलं शहर काही विसरत नाही," असं ती अभिमानाने सांगायची, आणि थोरल्यांनीही ते वाक्य भाषणांसाठी उचललं होतं. प्रत्येक ठसा, त्याची खोली, त्यात किती पाणी साचलं, सगळं शहर जपून ठेवायचं. पुसायचं कधी, हे तिने लिहिलंच नव्हतं. एका माणसाचे दोन पाय, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं होतं. पण चालणाऱ्या प्रत्येक जिवाचा ठसा असं तिने कोडमध्ये लिहिलं होतं, आणि नंतर नवऱ्याने गल्लोगल्ली खेकडे सोडले होते. खेळणारा तिथे असो नसो, ते आठ आठ पायांनी दिवसभर इकडून तिकडे पळत होते आणि शहर त्यांचं प्रत्येक पाऊल लक्षात ठेवत होतं.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की खेकडे नवऱ्याचे आहेत. दुसरा विचार यायला वेळ लागला. तो आला तेव्हा ती उठून बाहेरच्या खोलीत गेली आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझे मासे फुकट मेले," तो म्हणाला.

"फुकट नाही. जास्तच होते ते."

"पण बंद तुझ्यामुळे पडत होतं."

"हो."

"सहा महिने तू आम्हाला हावरट म्हणतेयस."

"हावरट आहातच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मीही आहे," हे शब्द तिने असे उच्चारले, जणू कोणी चिमटा लावून तोंडातून काढले असावेत.

जुने ठसे पुसले जातील आणि नजरेआडचे खेकडे खुणा सोडणार नाहीत, एवढं करायला तिला फार वेळ लागला नाही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

थोरले परत आले ते टाळ्यांच्या धुंदीत. आल्या आल्या त्यांनी सभागृह उघडलं. त्यांना खेळत तिथवर जावं लागू नये म्हणून धाकटीनेच एक बटण देऊन ठेवलं होतं. ते दाबलं की थेट पुतळ्यांसमोर.

"माझं नाक कुठे गेलं?" ते म्हणाले.

मग जे व्हायचं ते झालं. जाऊबाईंनी गाणी लावून बघितली आणि डोळे मिटून घेतले. परवानगी, विश्वास, थोरा-धाकट्यांची रीत, असं सगळं निघालं. धाकटीने खेकड्यांचंही सांगितलं, कारण नवऱ्याला ते माहीत होतं आणि पहिल्यांदाच तो नखांकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

थोरल्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चोर तूच," ते म्हणाले. "आमचं निर्दोष सामान तू फेकलंस, आणि भोक तुझ्याच खिशाला होतं. पुतळे होते तसे कर. आत्ताच्या आत्ता."

आत्या आवाज ऐकून जिन्यात येऊन थांबली होती. "तू त्या सभागृहात खेळत खेळत कधी गेलायस?" तिने विचारलं.

"मला तिथली वीट न् वीट माहीत आहे."

"ते नाही विचारलं. वर ये. माझ्या मशीनवर बस."

लहानपणी दोन्ही भाच्यांचे किडके दात तिनेच काढले होते. तिने बस म्हटलं की थोरले अजूनही बसत. ते बसले, आणि पहिल्याच पुलावरून पाण्यात पडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडले. उडी कुठल्या बटणाने मारायची हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायची तयारी नव्हती. एकदा त्यांना माशाने नेलं. एकदा ते पूल चुकवून भिंतीला तोंड लावून बराच वेळ चालत राहिले. आत्या भाजी निवडत बसली होती. हसली नाही, आणि तेच थोरल्यांना जास्त लागलं असावं. गेम मात्र एकदाही बंद पडला नाही.

संध्याकाळी ते खाली आले. "पहिला पूल फार अरुंद आहे," ते म्हणाले. "तो बघा जरा." दारापाशी जाऊन, वळून न बघता, "नाक राहू दे तसंच."

जाऊबाईंनी मात्र दोन गाणी हट्टाने पूर्ववत करून घेतली. धाकटीने विरोध केला नाही. ठिपक्यांचा मासाही परत आला, एकटाच. त्याला जागा होती.

त्या बाई आल्या, लॅपटॉप मांडीवर घेऊन दुपारभर खेळल्या. सभागृहापर्यंत त्याही पोहोचल्या नाहीत. चिखलात बसकण मारून खेकडे बघत राहिल्या. गेम घेतो म्हणाल्या. पुतळ्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही.

मग थोरल्यांची मुलाखत झाली. चौघं एकत्र बसून ती बघत होते. "हल्ली गेम बनवणारे मेमरी उधळतात," पडद्यावरचे थोरले सांगत होते. "आम्ही पहिल्या दिवसापासून काटकसर शिकलो. शेवटी हा शिस्तीचा प्रश्न आहे. माणसाने स्वतःपासून सुरुवात करावी."

थोरले आपल्याच बोलण्याला मान डोलवत होते. धाकटीने जिभेवर आलेलं गिळलं आणि शेजारी पाहिलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत नवऱ्याविरुद्ध एक अक्षर न बोललेल्या जाऊबाईंनी तिच्या कानाशी तोंड आणलं.

"यांना अजून पूल ओलांडता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी परवा मासळी बाजारापर्यंत गेले."