मेयरला पाणी पाजायचं म्हणजे

मेयर आजारी पडला, तेव्हा ऑरिन टॅडलॉकला सगळ्यांत आधी आठवली ती त्याची बायको मॅव्हिस. खरं तर ती त्याला रोजच आठवायची. पण आता फोन करायला कारण मिळालं होतं.

मेयर म्हणजे त्यांचं कासव. मॅव्हिसनं आणलं तेव्हा तळहातावर मावत होतं. आता दोन माणसांशिवाय जागचं हलत नसे. कामधाम काही न करता छाती काढून अंगणभर फिरतो, म्हणून तिनंच त्याचं नाव मेयर, म्हणजे महापौर, ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती घर सोडून एल्कोला राहायला गेली. तिथं एका दुकानाच्या माडीवरच्या खोल्यांत कासव ठेवणार कुठं? म्हणून मेयर विनमकामध्ये ऑरिनकडेच राहिला.

नेवाडातली थंडी कोरडी, हाडं पोखरणारी. ऑरिननं मेयरसाठी मागच्या अंगणात खोपटं बांधलं होतं. भिंतींत जाड अस्तर, छताला हीटर. खाणीत जन्म घालवलेला माणूस. त्याच्या कामाला फट म्हणून सापडायची नाही. बाहेर बर्फ पडत असला तरी आत ऊब असायची. पाण्याचं ताट तो रोज भरायचा आणि मेयर रोज त्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. मग एक दिवस मेयरनं खाणं सोडलं. डोळे खोल गेले. लघवीतून खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं, खरखरीत काहीतरी पडलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "अंगातलं पाणी आटलंय त्याच्या. रोज कोमट पाण्यात बसवा. नाहीतर आत खडा धरेल."

ऑरिननं मॅव्हिसला फोन लावला.

"मेयर आजारी आहे."

"मेयर की तू?"

"मेयर गं. पाण्यात बसवायचाय. एकट्याला उचलवत नाही."

"का? ग्लेन मेला का?"

"नाही. आहे की."

"मग त्याला हाक मार. कुंपणापलीकडे तर राहतो."

"त्याची कंबर धरलीय."

"तुझी काय नवीन बसवलीय?" मॅव्हिस म्हणाली. ऑरिन गप्प. या गप्प बसण्याचीच तिला चीड होती, हे त्याला ठाऊक होतं, तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तीच म्हणाली, "रस्ता उघडा असला तर उद्या येते. मेयरसाठी."

दुसऱ्या दिवशी ती आली. केस आखूड केले होते. तिला ते शोभत होते, पण ऑरिन म्हणाला फक्त, "रस्ता बरा होता ना?"

खोपटात पाऊल टाकताच तिनं नाक मुरडलं. "अरे, ही काय भट्टी लावलीयस? माती बघ, नुसती धूळ! मी गोणपाटं भिजवून टांगायचे, ती कुठायत?"

"फेकली. वाटलं, बुरशी धरेल."

"वाटलं! विचारायला तोंड नव्हतं?"

घोड्यांना पाणी पाजायचं पसरट टाकं दोघांनी आत ओढून आणलं. स्वयंपाकघरातून बादल्या वाहिल्या. मॅव्हिसनं कोपर बुडवून पाणी बघितलं, अजून एक थंड बादली ओतायला लावली. मग जुन्या सतरंजीवर मेयरला घेतलं, दोन टोकं दोघांनी धरली.

"उचल म्हटल्यावर उचल. मागच्यासारखं आधीच नको."

"मागच्या वेळी तू आधी उचललंस."

"झालं सुरू," ती म्हणाली, पण हसली.

मेयर पाण्यात बसला, मानेखाली पाणी लागेल इतका. दोघं टाक्याच्या दोन बाजूंना उलट्या बादल्यांवर बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. ऑरिन मेयरकडे बघत होता आणि मधूनच तिच्या हातांकडे. पाणी निवलं की ती गरम पाणी घालायची, न बोलता, सवयीनं. ही एवढी दुपार संपूच नये, असं त्याला वाटत होतं.

मग मेयरनं मान लांबवली, तोंड पाण्यात बुडवलं. गळ्याची कातडी वरखाली हलू लागली.

"पितोय!" मॅव्हिसनं ऑरिनचं मनगट धरलं. जरा वेळानं पाणी पांढरं गढूळ झालं, तशी लॉटरी लागल्यासारखी ती ओरडली, "सुटलं! सगळं सुटलं बघ आतलं!"

निघायच्या आधी तिनं माती भिजवून घेतली, वर ओला पाचोळा पसरला, दुसरी गोणपाटं शोधून टांगली, झोपायच्या कोपऱ्याला ओल टिकावी म्हणून जाड पडदा लावला. ऑरिननं मिरची-बीन्स गरम केल्या. दोघं उभ्याउभ्याच जेवली.

"मॅव्हिस," तो म्हणाला, "राहा ना."

"आज?"

"आज नव्हे. राहाच."

तिनं वाडगा खाली ठेवला. "हे तू दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर मी पायरीवरून मागं फिरले असते. आता तिकडे माझं बरं चाललंय, ऑरिन. खोटी आशा नाही लावत तुला." मग त्याच्या कोटाची कॉलर नीट करून ती निघाली. दिवस होता तोवर तिला घाट ओलांडायचा होता.

पुढं ग्लेन यायला लागला. कंबर त्याचीही धड नव्हतीच. दोघं म्हातारे कण्हत, एकमेकांना शिव्या घालत मेयरला उचलायचे. पाणी पाजून झालं की ऑरिन एल्कोला फोन करायचा. प्यायला, खाल्लं, लघवी स्वच्छ झाली, एवढंच सांगायचा. ती ऐकायची, एखादी सूचना द्यायची, ठेवायची. त्या फोनवर त्याचा पुढचा दिवस निघायचा.

वसंत आला, गवत उगवलं. मेयर बाहेर पडला आणि नळाखालच्या चिखलात जाऊन आपणहून लोळू लागला. आता पाणी पाजणं नको, फोनही नको. ऑरिननं तसेच काही दिवस काढले. अंगण हिरवं झालं होतं आणि घर त्याला खायला उठत होतं.

एका दुपारी त्यानं फोन लावलाच.

"काय झालं मेयरला?" मॅव्हिसचा आवाज घाबरा झाला होता.

"काही नाही. मस्त आहे."

"मग?"

"मग... तू कशी आहेस, ते विचारायचं होतं."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी होय?" ती म्हणाली. "माझा नळ गळतोय आठवडाभर, आणि घरमालक म्हणजे इतका चेंगट..."

ती सांगत राहिली. ऑरिन मागच्या पायरीवर बसला आणि मधूनमधून विचारत राहिला, "मग? मग काय म्हणाला तो?"