बाळाच्या बदल्यात दिलेला बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे आणि मित्रांनो, आज माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे.

परदेशातल्या एका मोठ्या संगीतसभागृहात मी कामाला होतो. आत जाण्यापूर्वी लोक आपले जाड कोट ठेवायला देत. ते सांभाळणारी बाई त्यांच्या हातावर माझ्यासारखा नंबरचा बिल्ला ठेवी. आम्ही बिल्ले तिला ‘कोटवाली’ म्हणत असू. बिल्ला आणून दिला की कोट परत, असा आमचा चोख व्यवहार! कोट टांगून झाले की कोटवाली सभागृहाच्या मागच्या दारातल्या आपल्या खुर्चीवर बसून संगीत ऐके. दिवसभरात तिला तेवढंच सुख होतं.

एका संध्याकाळी तिथे एक आजी आली. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली ती दुसऱ्या दिवशी मायदेशी परतणार होती. तरुणपणी ती व्हायोलिन शिकली होती आणि त्या दिवशी व्हायोलिनच वाजणार होतं. पण लेक म्हणाली, "आई, तिकिटं दोनच मिळाली गं. तू बाळाला घेऊन बाहेर बस ना. ऐकू येईलच थोडंफार."

ऐकू कसलं येतंय? लेक-जावई आत गेले आणि दारं बंद झाली. बिचारी आजी एका हाताने बाबागाडी हलवत दाराला कान लावून उभी राहिली.

कोटवालीला ते बघवेना. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने झोपलेल्या बाळाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आजीला आपली खुर्ची दाखवली. आजी बिचकली. परक्या बाईच्या हाती नातवंड कसं सोपवायचं? तेव्हा कोटवालीने बाबागाडी कोटांच्या रांगेत नीट उभी केली आणि कोटासाठी द्यावा तसा मला आजीच्या हातात दिला. आजीला हसूच फुटलं. मग मला मुठीत घट्ट धरून ती आत गेली आणि डोळे पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

बाहेर आलो तर बाळ कोटवालीच्या मांडीवर मजेत खेळत होतं. पण लेक तणतणली, "कोणाच्याही हातात पोर देतेस?" कोटवालीला धन्यवाद नाहीत की काही नाही! बाळ उचललं, आईला ओढलं आणि निघाली. त्या गडबडीत मी आजीच्या मुठीतच राहिलो.

मायदेशी घरी आल्यावर आजीने मला पोस्टाने परत पाठवायचं ठरवलं होतं. पण सुट्टीला आलेली लेक म्हणाली, "पितळेच्या तुकड्यासाठी कोण पोस्टात खेटे घालतंय?" आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली तिने मला सरकवलं. लोकांचे कोट राखणारा मी, तेव्हापासून धूळ खात पडलो.

आज त्याच टेबलाशी चहा घेताना लेक पाहुण्यांना सांगत होती, "आईला आम्ही तिकडे व्हायोलिन ऐकवलं. केवढी खूश झाली होती!" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आजी खाली वाकली आणि तिने मला ओढून काढलं. टेबल कलंडलं, चहा लेकीच्या मांडीवर सांडला. आजीने मला रुमालाने पुसलं आणि पाहुण्यांसमोर ठेवलं.

"मला त्या कोटवालीनं ऐकवलं, स्वतःची खुर्ची देऊन," ती म्हणाली. "तू मला दाराबाहेर ठेवलं होतंस."

लेक मान खाली घालून कपडे पुसत राहिली. आता मी पाकिटात आहे आणि उद्या आजी स्वतः पोस्टात जाणार आहे. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला वेळेवर परत करा आणि दुसऱ्याचा चांगुलपणा आपल्या नावावर खपवू नका. कोटवालीने पोर त्याच दिवशी सुखरूप परत दिलं होतं. बिल्ला द्यायचा मात्र आजीच्या घरच्यांकडूनच राहिला.