रवंथ करणारी मशीन

भुईगावातली आलोशियसची वाडी मोडून लॉन झालं, तेव्हा क्लेमेंटीनने फाटकावर 'आलोशियस लॉन' अशी पाटी रंगवून घेतली. वडिलांचंच नाव, त्यांना बरं वाटेल म्हणून. पप्पांनी चष्मा पुसून पाटी वाचली आणि म्हणाले, "नाव तर मेलेल्या मानसाचं देतात." त्यानंतर जे ओट्यावर बसले, ते त्या जमिनीत परत उतरलेच नाहीत.

तसा होकार त्यांनीच दिला होता. वाडीत कामाला माणूस मिळेना, केळीचा घड खांद्यावर घ्यायला त्यांचे गुडघे तयार होईनात, आणि विधवा लेक एकटी किती धावणार? मग केळी गेल्या, पानवेल गेली, तिथे सपाट हिरवं गवत आलं. रिसेप्शनला, कम्युनियनच्या पार्टीला भाड्याने द्यायचं. सगळं रीतसर झालं. फक्त ज्या माणसाने जन्मभर सकाळची चूळसुद्धा वाया न घालवता केळीच्या बुंध्याशी टाकली, तो आता भिंतीकडे तोंड करून चहा पीत होता.

त्यांनी पुन्हा तिथे उतरावं, पायाला माती लागावी, एवढंच क्लेमेंटीनला हवं होतं. पण "पप्पा, जरा खाली या ना" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागत.

गवत कापायला एक कंत्राटदार यायचा. खांद्याला लटकवायच्या मशीनने कापायचा आणि कापलेलं गवत गोणीत भरून न्यायचा. गोण्या फाटकातून निघाल्या की पप्पा ओट्यावरून ओरडायचे, "चालले बघ चोर! जमिनीच्या तोंडचा घास घेऊन चालले!" वाडीवाल्यांचा हिशेब सरळ. वाडीतून बाहेर जायचं ते फळ आणि फूल. पाला, केळीची सोपटं, उखडलेलं तण, सगळं तिथेच कुजायचं.

त्या ओरडण्यातच क्लेमेंटीनला वाट दिसली.

"पप्पा, गवत कापायची मशीन घेऊया. आपली स्वतःची. मल्चिंगवाली."

"तो काळा कागद अंथरतात ते? ते प्लास्टिक नको मला."

"कागद नाही हो. मागून धरून चालवायची मोठी मशीन असते. गवत कापते, बारीक करते, आणि तिथेच जमिनीत टाकते. बाहेर काहीच जात नाही."

पप्पांनी चहात बुडवलेला पाव तसाच धरला. तो मऊ होऊन कपात पडला. "कुठे मिळते?"

दुकान विरार पूर्वेला होतं, मनवेलपाड्याच्या रस्त्यावर. त्या दिवशी पप्पा तिच्याआधी तयार. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. जणू सून बघायला निघालेत.

दुकानदाराने सगळ्यात चकचकीत मशीन पुढे ओढली. "अंकल, ही घ्या. एकदम मक्खन. बॅग पण मोठी, सगळा कचरा उचलते."

"कचरा कोन म्हनाला? गवत आहे ते."

"सॉरी अंकल. गवत उचलते."

"उचलायचं नाही. ही आडवी कर बघू."

मशीन आडवी झाली. पप्पा गुडघे विसरून खाली बसले आणि पात्याभोवतीच्या पत्र्याच्या भांड्यात त्यांनी हात फिरवला. "हे उथळ आहे. ताटात वरण घुसळल्यासारखं होईल, सगळं बाहेर. टोपासारखं खोल नाही काय?"

दुकानदाराने क्लेमेंटीनकडे पाहिलं. क्लेमेंटीनने छताकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणीही.

खोल भांड्याच्या तीन मशिनी मिळाल्या. मागच्या सोसायटीच्या बागेचं काम दुकानदाराकडेच होतं, तिथे त्याने त्या चालवून दाखवल्या. पहिलीने ओल्या गवताचे गोळे टाकले. पप्पा म्हणाले, "ही शेळी. खुडते आनि टाकते." दुसरी ओल्यात अडकून बंद पडली. "ही म्हातारी. हिला दात नाहीत." तिसरीला एकावर एक दोन पाती होती. ती पुढे गेली आणि मागे काहीच दिसेना. पप्पांनी वाकून गवत बोटांनी विंचरलं. मुळाशी हिरवा भुगा होता, कोथिंबीर बारीक चिरावी तसा. त्यांनी तो तळहातावर घेऊन नाकाशी नेला.

"ही म्हैस आहे, क्लेमी. रवंथ करते. हीच घ्यायची."

"लग्नाच्या लॉनसाठी म्हणताय ना?" दुकानदार म्हणाला. "मग मॅडम, बॅगवाली बरी. मागून काही कटकट नको."

"भाऊ, जमीन माझी आहे का तुझी?" पप्पा म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांनी 'माझी जमीन' म्हटलं नव्हतं.

घरी मशीन उतरवली आणि दुसऱ्या सकाळी क्लेमेंटीन उठली तेव्हा ओटा रिकामा होता. पप्पा लॉनच्या मधोमध, अनवाणी, मशीनच्या दांड्याला धरून. मशीन आपणच पुढे सरकत होती आणि ते मागून, बैलामागे चालावं तसे, तिच्याशी बोलत चालले होते.

पुढचे काही महिने तिला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पप्पा रोज खाली जात. कॅटररने गरम पेज गवतावर ओतली तर त्याचा उद्धार करत. एकदा हळूच विचारलं, "थोडी एरंडाची पेंड टाकू काय?" "पप्पा, लग्नात वास येईल." "पाव्हन्यांनी सेंट मारलेलाच असतो." पेंड मात्र त्यांनी टाकलीच, पहाटे, गुपचूप. पावसाळा संपेपर्यंत गवताखालची माती काळी झाली. एके दिवशी त्यांनी तिला हाका मारमारून बोलावलं. खुरप्याने उचकटलेल्या ढेकळात गांडुळं वळवळत होती.

"आली बघ. वाडी मोडल्यापासून एक दिसलं नव्हतं."

पाहुणे घरी परत आल्यासारखे ते त्यांच्याकडे बघत होते. लॉनवर पाहुणे दुसरेही येतात, हे त्या घटकेला दोघांच्याही लक्षात नव्हतं.

नाताळानंतरच्या आठवड्यात शेजारच्या डायनाच्या मुलीचं, अमिषाचं, रिसेप्शन होतं. अमिषाचा झगा पांढराशुभ्र, मागे लांब लोळणारा. ती मंडपाच्या तोंडापासून स्टेजपर्यंत बँडच्या तालावर चालत गेली. आणि तिथे वळली तेव्हा झग्याची कड तपकिरी झालेली. गांडुळांनी रातोरात वर टाकलेल्या मातीच्या बारीक ढिगल्या सगळ्या लॉनभर होत्या. गवतात दिसत नव्हत्या, झग्यावर दिसल्या. वर माती इतकी भुसभुशीत की बायकांच्या टाचा रुतत होत्या. एक करवली सँडल तिथेच सोडून पुढे गेली.

डायना क्लेमेंटीनचा हात धरून तिला बाजूला घेऊन आली. "हे काय आहे? लॉन आहे की भाताचं शेत? लावणीला बोलावलंस काय आम्हाला?"

क्लेमेंटीन काही म्हणायच्या आत पप्पा कोट घालून तिथे पोचले. त्यांना वाटलं, समजावलं की झालं. "अगो, ती गांडुळाची माती. तिला घाण नाय म्हनत. सोनं आहे ते."

"अंकल, सोनं गळ्यात घालतात," डायना म्हणाली. "झग्याला नाही."

भोवतीच्या बायका हसल्या. पप्पाही हसले, पण जरा उशिरा.

डायनाने जाऊन कुणाकुणाला काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या दोन लग्नांची माणसं येऊन गवतावर पाय दाबून बघून गेली. त्यातल्या एकांनी लग्न दुसरीकडे हलवलं. मंडप घालणारा फेबियन क्लेमेंटीनला म्हणाला, "ताई, जमीन घट्ट पाहिजे, डान्स फ्लोअरसारखी. एक पावडर येते. टाकायची, वर पानी मारायचं. गांडुळं वर येऊन मरतात. मग रोलर फिरवू. पप्पांना कशाला सांगता?"

ती विचार करते म्हणाली. विचार केला नाही. केला असता तर पप्पांशी भांडण झालं असतं, कदाचित ती हरली असती, कदाचित एखादा कोपरा त्यांना सोडून तोडगाही निघाला असता. तिने फक्त पप्पा सबंध दिवस बहिणीकडे जाणार होते तो दिवस धरला.

ते संध्याकाळी ठरल्यापेक्षा लवकर परतले. क्लेमेंटीन स्वयंपाकघरात होती. अंगणातून त्यांची हाक आली, आनंदाची.

"क्लेमी! लवकर ये! बगळे बघ किती आलेत!"

ती बाहेर आली. सगळं लॉन बगळ्यांनी आणि साळुंक्यांनी भरून गेलं होतं. पप्पा चपला काढून खाली उतरले सुद्धा. "एवढे बगळे तर नांगरटीला यायचे. सांगत होतो ना, जमीन..."

ते थांबले. वाकले. बोटांनी गवत बाजूला केलं. मग बोटं नाकाशी नेली.

वळून ते तिच्याकडे बघतील असं तिला वाटलं. ते वळले नाहीत. एकदम दोन्ही हात वर करून पळायला लागले, त्या गुडघ्यांनी, वाकडेतिकडे. "हाकल! हाकल त्यांना! खाऊन मरतील ते!"

क्लेमेंटीनही पदर खोचून धावली. बगळे इकडून उडायचे आणि तिकडे उतरायचे. दोघं टाळ्या वाजवत, ओरडत, अंधार पडेपर्यंत धावत होती. पप्पा तिच्याशी बोलले ते फक्त "तिकडे, तिकडे बघ," एवढंच, कामातलं.

रोलर फिरला. जमीन ठणठणीत झाली.

आता पप्पा परत ओट्यावर बसतील, असं क्लेमेंटीनने मनाशी धरून ठेवलं होतं. त्यावर त्यांना काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पुढच्या लग्नाच्या आदल्या सकाळी पप्पा बूट घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"गवत किती ठेवू?"

"म्हणजे?"

"उंची. बारीक कापू की राहू दे? आनि कापलेलं उचलायचं काय?"

"पप्पा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा ना. तुमचंच..."

"माझं काय त्यात. गिऱ्हाइकाला काय लागतं ते सांग."

तिने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "बारीक. आणि उचला."

त्यांनी मान हलवली आणि गेले. काम चोख केलं. सरळ पट्टे, एक फिका, एक गडद, एकाही कोपऱ्याला गवत राहिलं नाही. पाहणी करायला आलेले नवऱ्या मुलाचे वडील पायाने जमीन ठोकून खूश झाले. मशीन पुसणाऱ्या पप्पांकडे जाऊन ते म्हणाले, "फार सुंदर ठेवलंय हो तुम्ही. पुढच्या मे महिन्यात एक तारीख मिळेल का?"

क्लेमेंटीन पाण्याचे ग्लास घेऊन येत होती. तिला ऐकू आलं.

"बाईंना विचारा," पप्पा अदबीने म्हणाले. "त्या येतायत बघा. मी इथे गवत कापतो."